सहा गाड्या दगड

विचिटा सोडून अडीच तास होत आले होते आणि गाडीच्या काचेतून अजून एकही डोंगर दिसला नव्हता. माझा जन्म वाईचा. आमच्याकडे कुठलीही खिडकी उघडा, समोर पांडवगड नाहीतर वैराटगड उभा असतो. आभाळ सुरू होते ते डोंगरमाथ्यापासून वर. इथे कॅन्ससमध्ये ते रस्त्याच्या कडेलाच टेकले होते. जूनचा मध्य, दोन्ही बाजूंना कापणीला आलेला गहू, आणि तो संपतो कुठे ते काही केल्या दिसेना. लांबून काही उंच दिसले की मी सरसावून बसे. जवळ गेल्यावर ते गव्हाचे सिमेंटचे कोठार निघे. इथल्या प्रत्येक गावाची खूण तीच.

"मावशी, आता तिकडे बघ," भाचा म्हणाला. "ते कोठार नाही."

गव्हाच्या पिवळ्या रेघेवर दोन सुळके उभे होते, शेजारी शेजारी. गाव असे काही दिसतच नव्हते. नुसते दोन सुळके. आम्ही जवळ जात राहिलो, ते उंच होत राहिले, आणि बऱ्याच वेळाने त्यांच्या पायाशी झाडे आणि घरांची छपरे उगवली. गावाचे नाव व्हिक्टोरिया. ते सुळके म्हणजे संत फिडेलिसच्या चर्चचे मनोरे, प्रत्येकी १४१ फूट.

मी आयुष्यात चर्चे थोडीच पाहिली. डी.एड.ला असताना वसईची एक मैत्रीण होती, तिच्या घरी दोनदा नाताळला गेले. 'पॅरिश' म्हणजे धर्मग्राम आणि 'मास' म्हणजे मिस्सा हे मराठी शब्द मला तिच्याकडून मिळाले. पण चर्चची घंटा मी त्याआधी कितीतरी वर्षे ओळखत होते. वाईजवळ मेणवलीला कृष्णेच्या घाटावर एक मोठी घंटा टांगलेली आहे. तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मारिया आहे आणि १७०७ हे साल आहे. चिमाजी अप्पांनी १७३९ साली वसई जिंकल्यावर पोर्तुगीजांच्या चर्चमधून आलेली ती घंटा. लहानपणी आम्ही तिच्यावरच्या त्या आईवरून हात फिरवायचो. कुठल्या लोकांनी कुठल्या पैशांतून ती ओतवून घेतली असेल, हा प्रश्न तेव्हा पडला नाही. व्हिक्टोरियाच्या त्या चर्चसमोर उभी राहिले तेव्हा पहिल्यांदा पडला.

कारण समोरचे दृश्य हिशेबात बसत नव्हते. इमारत २२० फूट लांब. क्रुसाच्या आकाराची, आणि क्रुसाचे हात जिथे फाकतात तिथे रुंदी ११० फूट. आत ११०० माणसे बसतात. गावाची आजची वस्ती किती, तर अकराशे-बाराशे. म्हणजे तान्ह्या पोरापासून म्हाताऱ्यापर्यंत अख्खे गाव एकाच वेळी आत येऊन बसू शकते. समोर रुंद, मोकळा रस्ता, एका बाजूला कोणाचीशी पिकअप गाडी उभी, चिटपाखरू नाही. आणि त्या शांततेत मधाच्या रंगाच्या दगडाचा हा डोंगर. होय, डोंगरच. सकाळपासून जो शोधत होते तो माणसांनी बांधून ठेवलेला सापडला.

कोणी बांधला? आमच्या वाईचे ढोल्या गणपतीचे देऊळ सरदार रास्त्यांनी १७६२ साली बांधले, हे तिथले शेंबडे पोरही सांगते. आपल्याकडे देवळाला बांधणाऱ्याचे नाव असते. इथे राजा नव्हता, सरदार नव्हता, सावकारही नव्हता. होते ते कुळंबी. आणि त्या कुळंब्यांची गोष्ट सुरू होते ती रास्त्यांचे देऊळ उभे राहिल्यावर दुसऱ्याच वर्षी, पार रशियात.

रशियाची सम्राज्ञी कॅथरीन दुसरी. तिने १७६३ साली जाहीरनामा काढला : व्होल्गा नदीकाठी जमीन पडून आहे, येऊन कसा. तुमचा धर्म तुमचा, भाषा तुमची, आणि सैन्यात भरतीची सक्ती नाही. कॅथरीन स्वतः जन्माने जर्मन. युद्धांनी पिळून निघालेल्या जर्मन मुलखातली हजारो माणसे या बोलावण्यावर निघाली. त्यांनी व्होल्गाच्या दोन्ही अंगांना गावे वसवली. त्यातलेच एक हेर्झोग. तिथे त्यांच्या चार-पाच पिढ्या झाल्या. बोली जर्मनच राहिली, प्रार्थना आपल्याच पुस्तकातल्या राहिल्या. तंजावरच्या मराठी घरांविषयी वाचताना जे कुतूहल वाटते तेच मला यांच्याविषयी वाटत होते. मूळ मुलखात बोलणे बदलत जाते आणि लांब गेलेले लोक जुने शब्द सांभाळून बसतात.

मग दिलेला शब्द मोडला गेला. १८७४ साली रशियात सक्तीची लष्करभरती या वसाहतींनाही लागू झाली. हेर्झोग आणि आसपासच्या कॅथलिक गावांनी अमेरिकेत जमीन पाहून यायला माणसे धाडली. पुढच्याच वर्षी काही कुटुंबे निघाली, जहाजाने बॉल्टिमोरला उतरली, कॅन्ससची राजधानी टोपीका इथे त्यांनी हिवाळा काढला, आणि १८७६च्या ८ एप्रिलला या माळावर येऊन थांबली. नव्या गावालाही नाव दिले हेर्झोग. मागे सोडलेल्या गावाचे नाव पुढच्या गावाला देणे यात किती आठवण कोंबलेली असते, हे घर सोडलेल्यालाच कळते. भाच्याने विचिटातल्या घराच्या दारावर 'कृष्णाकाठ' अशी पाटी लावली आहे. शेजाऱ्यांना ती वाचता येत नाही.

त्याच १८७६ साली आपल्याकडे दख्खनमध्ये पाऊस हुकला आणि मोठा दुष्काळ सुरू झाला. हे मनात आले आणि मी ते भाच्याला बोलूनही दाखवले. इकडे माणसे माळ फोडत होती, तिकडे आमचे लोक गावे सोडून खडी फोडायला जात होते.

पण मग हेर्झोगचे व्हिक्टोरिया कसे झाले? त्याचीही गंमत आहे. हे जर्मन येण्याआधी तीनच वर्षे जॉर्ज ग्रँट नावाच्या स्कॉटिश व्यापाऱ्याने रेल्वे कंपनीकडून इथली अफाट जमीन घेतली होती. इंग्लंड-स्कॉटलंडच्या खानदानी घरांतल्या तरुणांना इथे बोलावून गुरांची मोठी वसाहत करायची, हे त्याचे स्वप्न. काळ्या अँगस जातीचे बैल अमेरिकेत पहिल्यांदा आले ते या ग्रँटबरोबर, १८७३ साली. गावाला त्याने आपल्या राणीचे नाव दिले. आमच्या मुंबईतल्या बोरीबंदराला ते नाव मिळाले १८८७ साली. त्याच्या चौदा वर्षे आधीच ते या माळावर येऊन बसले होते. ग्रँट १८७८मध्ये वारला, आणि पुढच्या काही वर्षांत साहेब मंडळी पांगली. रेल्वेलाइनच्या शेजारची ही दोन गावे, साहेबांचे व्हिक्टोरिया आणि कुळंब्यांचे हेर्झोग, १९१३मध्ये एक झाली. नाव राणीचे राहिले. माणसे मात्र हेर्झोगची.

आल्याबरोबर त्यांनी काय केले, तर एक लाकडी क्रूस रोवला. धर्मगुरू नव्हता, छप्पर नव्हते. रविवारी त्या क्रुसाभोवती जमायचे, आपल्या आपण प्रार्थना म्हणायच्या, गायचे, आणि घरी जायचे. पुढे अलॉइस ड्रायलिंग यांच्या घराला पडवी काढली आणि ते पहिले चर्च झाले. १८७८मध्ये कपूचिन संन्यासी आले. दोरीचा कमरबंद आणि तपकिरी झगा घालणाऱ्या, संत फ्रान्सिसला मानणाऱ्या या पंथाने धर्मग्राम हाती घेतले. संत फिडेलिस हे नावही त्यांच्याच घरातले. सिग्मारिंगनचे हे फिडेलिस आधी वकील होते, गरिबांचे खटले लढवीत. मग कपूचिन झाले, आणि १६२२ साली मारले गेले. गाव वाढत होते, चर्च अपुरे पडत होते. १८८४मध्ये ६०० माणसांचे बांधले, वीस वर्षांत तेही पुरेना. आज आपण पाहतो ते चौथे. पायाचा दगड १९०८मध्ये बसवला आणि १९११च्या ऑगस्टमध्ये बिशपांच्या हस्ते चर्चचे समर्पण झाले. पडवीपासून १४१ फुटांच्या मनोऱ्यापर्यंत पस्तीस वर्षे. आराखडा पिट्सबर्गचे नामांकित वास्तुकार जॉन टी. कोमेस यांचा.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे लिहायला बसले ती.

वर्गणी ठरली ती अशी : धर्मग्रामातल्या बारा वर्षांवरच्या प्रत्येक माणसामागे ४५ डॉलर आणि सहा गाड्या दगड.

हे मी दोनदा विचारून घेतले. घरामागे नव्हे, माणसामागे. पुरुषामागे नव्हे, माणसामागे. बारा वर्षांची मुलगीही त्यात धरलेली. तेव्हा गव्हाचा भाव बुशेलला डॉलरच्या आतबाहेर असे. बुशेल म्हणजे आपले सत्तावीस किलो. म्हणजे ४५ डॉलर म्हणजे बारा-तेरा क्विंटल गहू, दरडोई! आणि वर दगड. घरात बारा वर्षांवरची दहा माणसे असली तर साठ गाड्या. शेतीची कामे सांभाळून गावाच्या दक्षिणेला खाणीवर जायचे, दगड काढायचा, फोडायचा, घोड्याच्या गाडीत चढवायचा, मैलोन् मैल आणून टाकायचा, आणि पुन्हा जायचे. एकेक दगड पन्नास ते शंभर पौंडांचा.

सगळ्यांनी हे हसत केले असेल असे मी म्हणणार नाही. एखाद्या विधवेच्या घरात चार पोरे असतील, तिने पंचेचाळीस गुणिले पाच कुठून आणले असतील? कोणाची म्हैस विकली गेली असेल, नव्हे, गाय. कोणाचे लग्न पुढे ढकलले असेल. गावाने ठरवलेली वर्गणी चुकवणे सोपे नसते, हे गणपतीच्या आणि जत्रेच्या वर्गणीवरून आपल्याला चांगले ठाऊक आहे. तरीही मला राहून राहून नवल वाटते ते मोजण्याच्या त्या रीतीचे. पैशाची वर्गणी श्रीमंताला हलकी असते. गाडीभर दगड सगळ्यांना सारखाच जड. आणि आज त्या भिंतीकडे बोट करून अमुक दगड अमक्याचा असे कोणी सांगू शकत नाही.

भाच्याची मुलगी हे सगळे ऐकत होती. ती एकदम म्हणाली, "आजी, मला एप्रिलमध्ये बारा पूर्ण झाली. म्हणजे माझ्यापण सहा गाड्या."

मी भिंतीजवळ गेले. आमचा वाईचा दगड काळा, कठीण, लाव्ह्याचा. त्याच्यावर छिन्नी चालवताना ठिणगी उडते. हा चुनखडीचा. खाणीतून निघतो तेव्हा इतका मऊ की करवतीने कापावा, आणि वारा लागला की घट्ट होत जातो. जवळून पाहिले तर त्यात तांबूस, गंजाच्या रंगाची रेघ जाते, लाडवावर पाकाची तार सांडावी तशी. आणि एका दगडात शिंपला होता! बोटाच्या पेराएवढा, कडा झिजलेल्या, पण वळ्या स्पष्ट. समुद्रापासून शेकडो मैलांवर, अमेरिकेच्या मध्यावर, भिंतीत शिंपला. नऊ कोटींहून अधिक वर्षांपूर्वी इथे उथळ समुद्र होता, त्याच्या तळाशी साचलेला गाळ म्हणजे हा दगड. आमच्या सह्याद्रीचा लाव्हा वाहिला तो त्याच्याही बराच नंतर. मी त्या वळ्यांवरून बोट फिरवले, मेणवलीच्या घंटेवरून फिरवायचे तसे.

या दगडाचा थर जमिनीखाली थोड्याच खोलीवर असतो आणि जाडी जेमतेम वीतभर. माळावर झाड नाही, मग कुंपणाला खांब कशाचे करायचे? म्हणून इथल्या शेतकऱ्यांनी याच दगडाचे खांब केले, आणि त्या सबंध टापूला खांबदगडाचा मुलूख असेच नाव पडले. फोडायची रीत आपल्या वडार-पाथरवटांना लगेच समजेल अशी. वरची माती काढायची, दगडावर रेघ धरून ओळीने भोके पाडायची, प्रत्येक भोकात लोखंडाच्या दोन पट्ट्या आणि त्यांच्या मध्ये पाचर. मग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाचरांवर हलके हलके हातोडा मारत जायचे. घाई केली की दगड वेडावाकडा फुटतो. धीर धरला की पाचरांचा आवाज बदलतो आणि दगड रेघेवर सरळ उकलतो. हिवाळ्यात तर भोकांत पाणी भरून ठेवायचे. रात्री त्याचे बर्फ होते आणि दगड आपोआप दुभंगतो. कुंपणाचे हेच शिकलेले हात चर्चच्या कामाला आले.

झाड नसण्याचा आणखी एक तपशील सांगितल्याशिवाय राहवत नाही. हिवाळ्यात इथे पाणी गोठते, आणि जाळायला लाकूड नाही. व्होल्गाकाठीही नव्हते. तिथे ही माणसे शेणात काडीकचरा मळून त्याच्या विटा करीत, उन्हात वाळवीत आणि वर्षभर चुलीत घालीत. 'मिस्टहोल्त्स' म्हणत त्याला, म्हणजे शेणाचे लाकूड. कॅन्ससमध्येही तेच केले. गोवऱ्या! गोवऱ्यांवर पाव भाजणाऱ्या बायकांनी हे चर्च उभे केले म्हटल्यावर ती मंडळी मला एकदम आमच्या आळीतली वाटू लागली.

आत गेलो. बाहेर कडक ऊन, आत एकदम गार आणि उजळ. मला वाटले होते दगडी इमारत म्हणजे आत काळोख असेल. आपल्या गाभाऱ्यांची सवय. छत ४४ फुटांवर, गोल कमानी एकीमागून एक पुढे जात वेदीपर्यंत पोचतात, आणि दोन्ही बाजूंना रांगेने ग्रॅनाइटचे खांब. हे खांब मात्र इथले नाहीत, पार पूर्वेच्या व्हर्मांट राज्यातून आणलेले. खिडक्यांच्या रंगीत काचा १९१६ साली चार्ल्स होगन यांच्याकडून घेतल्या, ३७०० डॉलरना. म्युनिक पद्धतीच्या काचा या. म्हणजे रंगांचे नुसते तुकडे जोडलेले नसतात, अख्खे चित्रच रंगवलेले असते, चेहऱ्यावरच्या सावलीसकट. ऊन येत होते त्या बाजूच्या खिडकीतला निळा रंग बाकांवर पडला होता. बाकाची पाठ हातांनी झिजून गुळगुळीत झालेली. मी त्या निळ्यात हात धरला. थोड्या वेळाने पाहिले तर तो बाजूला सरकला होता.

तिथे एक वयस्क बाई फुलदाण्यांतले पाणी बदलत होत्या. आम्ही कुठून आलो ते विचारले, भारत म्हटल्यावर हातातले काम ठेवून आमच्याबरोबर फिरल्या. त्यांनी आम्हाला वेदीच्या बाजूला नेले आणि एक वस्तू दाखवली. छत्री! लाल-पिवळ्या पट्ट्यांची, रेशमी, अर्धवट उघडलेली. मी चकित झाले. छत्र म्हणजे राजचिन्ह, हे आपल्याला सांगावे लागत नाही, पण चर्चमध्ये? त्यांनी समजावले. पोप ज्या चर्चला 'बॅसिलिका' हा मान देतात तिथे अशी छत्री आणि एक लहान घंटा ठेवतात. कधीकाळी पोप आले तर त्यांच्यावर धरायला म्हणून. संत फिडेलिसला हा मान २०१४ साली मिळाला. बांद्र्याच्या माउंट मेरीला तो १९५४ सालीच मिळालेला आहे, म्हणजे तिथेही ती छत्री असणार आणि मी इतक्या वेळा मुंबईला जाऊन कधी पाहिली नाही.

लोकांच्या तोंडी मात्र या चर्चचे नाव वेगळेच आहे. 'माळावरचे कॅथीड्रल'. ते दिले विल्यम जेनिंग्स ब्रायन यांनी, १९१२ साली इथे आले तेव्हा. ब्रायन तीनदा अध्यक्षपदाची निवडणूक हरलेले मोठे वक्ते. खरे तर कॅथीड्रल म्हणजे बिशपांची गादी असलेले चर्च, आणि ती इथे कधीच नव्हती. ब्रायन स्वतः कॅथलिकही नव्हते, प्रेस्बिटेरियन होते. पण नाव चिकटले. मला ब्रायन आठवण्याचे कारण निराळे. हे गृहस्थ जगप्रवासात हिंदुस्थानात आले होते, आणि १९०६मध्ये त्यांनी इंग्रजांच्या इथल्या राज्यावर सडकून टीका करणारा लेख लिहिला. आपल्या देशभक्तांनी त्याच्या प्रती पुढे कितीतरी वर्षे वाटल्या. परक्याच्या अंगणात जाऊन तिथली दुखरी नस आणि तिथले मोठेपण, दोन्ही ओळखणारी नजर त्या माणसाला होती.

दुपारी गावातल्या खाणावळीत बसलो. मी शाकाहारी, त्यामुळे 'बीरॉक' मला खाता आला नाही. कोबी, कांदा आणि मांस भरून भाजलेला पाव हा, व्होल्गाकाठाहून शिदोरीसारखा आलेला. भाच्याने खाल्ला, मी पाव-लोणी आणि कलिंगड घेतले. कलिंगडावरून बोलणे निघाले. त्या बोलीत कलिंगडाला 'अर्बूस' म्हणत. शब्द जर्मन नाही, रशियन आहे. आणि रशियनमध्ये तो आला फारसी 'खरबुजा'वरून. आपले खरबूज! धान्याच्या कोठीला म्हणत 'अंबार'. हे ऐकून मी ताट बाजूला सारले. पन्हाळ्यावर शाळेची सहल घेऊन किती वेळा गेले असेन मी. दर वेळी मुलांना अंबरखान्यापुढे उभे करून सांगायचे, इथे हजारो खंडी धान्य राहायचे, अंबार म्हणजे कोठार. एकच फारसी शब्द. एका वाटेने दख्खनच्या किल्ल्यावर चढला. दुसऱ्या वाटेने व्होल्गा उतरून, समुद्र ओलांडून इथे गव्हाच्या माळावर पोचला.

ती बोली आता ऐकू येत नाही म्हणतात. पहिल्या महायुद्धात अमेरिकेत जर्मन बोलणे म्हणजे संशय ओढवून घेणे झाले. पुढे शाळा, रेडिओ, शहरातल्या नोकऱ्या. आडनावे तेवढी राहिली.

आणि जे आलेच नाहीत त्यांचे काय? चर्चसमोर एक शिल्प आहे, वस्तीला शंभर वर्षे झाली तेव्हा, १९७६ साली, जवळच्या हेज गावचे शिल्पकार पीट फेल्टन यांनी केलेले : दगडात कोरलेले एक स्थलांतरित कुटुंब. मी त्याच्या सावलीत बराच वेळ बसले. जहाजात जागा मिळाली, भाऊ निघाला, दुसरा म्हणाला आई थकली आहे, मी राहतो. अशा किती घरांच्या दोन फांद्या झाल्या असतील. राहिलेल्यांच्या वाट्याला क्रांती आली, १९२१चा भयंकर दुष्काळ आला, आणि २८ ऑगस्ट १९४१ रोजी स्टालिनच्या सरकारने फर्मान काढले. हिटलरची फौज रशियात घुसली होती, तेव्हा व्होल्गाकाठचे सगळे जर्मन संशयित. लाखोंना गाडीत घालून सैबेरिया आणि कझाकस्तानात नेले. गावे रिकामी झाली. त्या साली इकडच्या हेर्झोगमध्ये कोणीतरी नेहमीप्रमाणे चर्चच्या घंटेच्या आवाजावर मिस्सेला निघाले असेल. तिकडच्या चुलतभावाला कुठे नेले याचा त्याला पत्ताही नसेल.

परत फिरण्याआधी भाचा दक्षिणेला फायफर गावी घेऊन गेला. तेही अशाच व्होल्गा जर्मनांचे. तिथल्या होली क्रॉस चर्चला 'दोन सेंटांचे चर्च' म्हणतात, कारण गावाने विकलेल्या गव्हाच्या प्रत्येक बुशेलमागे दोन सेंट बाजूला काढून ते उभे केले. १९१८मध्ये पुरे झाले, उंच निमुळत्या मनोऱ्यांचे, व्हिक्टोरियापेक्षा वेगळ्या घाटाचे. १९९३ साली धर्मगुरू पुरेनात म्हणून ते धर्मग्राम बंद झाले. इमारत लोकांनी राखली आहे, छप्पर धड आहे, गवत कापलेले आहे. पण तिथली घरे मोजायला दोन्ही हातांची बोटे फार होतील असे वाटले. मी पायऱ्यांवर थोडी बसले आणि उठले. एका गावाला आपले चर्च टिकवता यावे आणि दहा-बारा मैलांवरच्या दुसऱ्याला येऊ नये, यात त्या दुसऱ्या गावाचा दोष काय? तिथेही दोन-दोन सेंट मोजणारे हात तेवढेच राबले होते.

रस्त्यात एके ठिकाणी कुंपण अगदी कडेला आले तेव्हा मी गाडी थांबवायला लावली. दगडी खांबांची रांग टेकाडावरून पलीकडे उतरत होती, खांबांवर तारा, तारांमागे काळी गुरे. मुलगी माझ्याबरोबर उतरली. खांब माझ्या खांद्याएवढा. एका कडेला वरपासून खालपर्यंत ठरावीक अंतराने अर्धगोल खाचा होत्या, भोके पाडून पाचरा ठोकल्या होत्या तिथल्या. मी तिला म्हटले, यात बोट घाल. तिचे बोट बरोबर बसले. एकेका खाचेतून ते काढत आणि पुढच्या खाचेत घालत ती खाली बसली, गवतापर्यंत पोचली.

"आजी, एका गाडीत असे किती मावत असतील?"

मला सांगता आले नाही. भाच्याने हॉर्न वाजवला. ती उठली, दोन पावले मागे गेली, आणि खांबाला खांदा लावून त्याला ढकलून पाहू लागली.